राखीव क्रमांक सोळा

बुधवार, ३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. टेम्पोचे भाडे माणशी वीस रुपये. हजर: वस्तीच्या फुटबॉल संघाचे दहा जण, त्यांत भोरचे शब्बीरभाई धरून, शिवाय हौसाबाई, त्यांची लेक मंदा आणि मी. एकूण तेरा. टेम्पो चालवणारा किसन यात धरलेला नाही. त्याने चौदा माणसांचे दोनशे ऐंशी रुपये मागितले. मी एकेकाचे नाव घेऊन तेरा मोजून दाखवले आणि दोनशे साठ दिले.

“फळकं लावताना म्या मोजली व्हती, काका,” किसन म्हणाला. “चौदा व्हती.”

“आता किती आहेत?”

त्याने मागे पाहिले. “आता तेरा हायती.”

“मग तेराचेच घे.”

सकाळी सकाळी वीस रुपयांवरून मी एवढे बोललो. संघातली मुले हसली. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मांडीवरची पिशवी सावरून समोरच्या डोंगराकडे बघत होत्या.

मंगळवार, भोर

मी हडपसरजवळच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर असतो. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, एवढेच माझे काम. घरी आल्यावर माझी एक वही असते. भारताच्या कुमार फुटबॉल संघांचे सामने मी त्या वहीत उतरवतो. तारीख, गाव, गोल, कोण खेळले, कोण राखीव. जुनी वर्तमानपत्रे, वाचनालये, कुणाकुणाच्या ट्रंकेतले कागद, असे करत सव्वीस वर्षांत ही वही भरली. आमची सौ. तिला ‘सवत’ म्हणते.

ज्यांना या संघाविषयी काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७४ साली बँकॉकला आपली मुले इराणबरोबर आशियाचे संयुक्त विजेते झाली, अंतिम सामना दोन-दोन. त्यानंतर बराच काळ वहीत हारच जास्त. २०१७ साली सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक आपल्याकडेच झाला. तीन सामने, तीन हारी, नऊ गोल खाल्ले, एक केला. पुढच्याच वर्षी वीस वर्षांखालच्या मुलांनी स्पेनमध्ये अर्जेंटिनाला दोन-एकने हरवले, तेही एक खेळाडू बाहेर गेल्यावर, दहा जणांनी. असा हा इतिहास. वर जाणारे आकडे थोडे, म्हणून ते पाठ होतात.

यावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता. तो वाचून भोरहून एक पत्र आले. ‘मी शब्बीर, शिंपी. आमच्याकडचा एक मुलगा आपल्या देशाच्या कुमार संघात होता. अक्षय्य तृतीयेला वही घेऊन या. जेवणाखाण्याची सोय आहे.’ मुलाचे नाव आणि साल होते. मी वही उघडली. नाव होते. मुलाचे आडनाव, वस्तीचे नाव आणि तो सामना कुठला, हे मी इथे लिहीत नाही. घरच्यांनीच नको म्हटले आहे. आपण त्याला दत्तू म्हणू.

स्वारगेटहून एसटीने निघालो. शिवरे, वरवे मागे पडले, कापूरहोळला गाडी वळली आणि हवा बदलली. भाटघरच्या धरणाची भिंत दिसली तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, “पानी तळाला गेलंय बगा. आता खालची गावं वर येत्याल.” धरणाच्या पोटात बुडालेल्या गावांबद्दल ते असे बोलत होते, जणू माहेरवाशिणी यायच्या आहेत.

शब्बीरभाईंचे दुकान भोरच्या बाजारात आहे. वय पन्नाशी ओलांडलेले, गळ्यात टेप, चष्मा कपाळावर. शाळेचे गणवेश आणि खेळाच्या जर्सी शिवतात. भिंतीवर रेक्झिनचे आकडे कापून खिळ्यांना अडकवलेले होते. वस्तीच्या संघाच्या जर्सी घडी करून ठेवल्या होत्या. सवयीने मी मोजल्या. दहा भरल्या.

“अकरावी?”

“ती न्हाई शिवत,” ते म्हणाले. “तीच गोष्ट हाय, साहेब. बसा. चहा सांगतो.”

गोष्ट अशी. भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, भोर आणि वेल्ह्याच्या हद्दीवर, डोंगराच्या उतारावर ही वस्ती आहे. तिथे हातभर सपाट जागा नाही. पण एप्रिलमध्ये पाणी उतरले की खाली जुन्या गावाची जमीन उघडी पडते, गाळाची, ताटासारखी सपाट. पोरे तिथे फुटबॉल शिकली. वर्षातले दोन महिने. शब्बीरभाईंच्या मामाचे त्या भागात कोंबड्यांचे दुकान होते, म्हणून हेही तिथे असायचे. पस्तीस वर्षांपूर्वी यांच्यातला दत्तू एका शाळेच्या स्पर्धेत कुणाच्या तरी नजरेत भरला. शिबिरे झाली आणि तो थेट भारताच्या कुमार संघातून परदेशी गेला. परत आल्यावर आईला, म्हणजे हौसाबाईंना म्हणाला, दहा मिनिटे मैदानात उतरलो होतो. त्याच वर्षी जूनमध्ये, पाणी परत चढत असताना, मैदानातून चेंडू पाण्यात गेला. दत्तू चेंडू आणायला गेला.

“चेंडू आला परत,” शब्बीरभाई म्हणाले. “आपापला, तरंगत.”

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. बहिणीचे लग्न करू, आईला सांभाळू, सगळे बोलून झाले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून दर अक्षय्य तृतीयेला हौसाबाई खाली मैदानाच्या कडेला पितरांची पाने ठेवतात. सासू, सासरे, नवरा यांची पाने कावळे उचलतात. दत्तूचे तसेच राहते. मग त्याच्यासाठी सामना होतो. वेल्ह्याकडचा संघ येतो. हे दहा जणच खेळतात, अकरावी जागा दत्तूची म्हणून मोकळी ठेवतात. पस्तीस वर्षे.

“आमच्याकडे कावळा आला नाही तर पान गच्चीवर ठेवून आम्ही जेवायला बसतो,” मी म्हणालो.

“तुमचं शहर हाय, साहेब. कावळ्यालाबी लई घरं.”

मग ते मशीनवरून उठून माझ्याजवळ बसले. “वहीत काय हाय?”

मी दाखवले. क्रमांक १६, राखीव. उतरला नाही.

त्यांना आश्चर्य वाटले नाही. “मला त्यानं सांगितलं व्हतं. बाकड्यावर बसून आलो, आयेला सांगू नगंस. समद्या वस्तीला नंतर कळालंच. पर हौसाआक्काम्होरं सगळे म्हणतात, धा मिन्टं उतरला.” त्यांनी वहीवर बोट ठेवले. “आता ती ऐंशीच्या पुढं गेली. तिच्या माघारी पान कोण ठेवणार? तिला एकदा लिवलेलं ऐकायचंय. तुमी लिवा, धा मिन्टं. कोण बघतंय?”

“मी बघतो,” मी म्हणालो.

त्यांनी वही मिटून मला परत दिली. नंतर घरी नेऊन त्यांनी मला बाजरीची भाकरी आणि मटण जेवू घातले, आग्रहाने. भाभींनी तीनदा रस्सा वाढला. नकार देणाऱ्याला इतके चांगले जेवण मिळाल्याने मला अवघडल्यासारखे झाले होते.

मंगळवार, तिसरा प्रहर, वस्ती

वस्तीवर चौदा घरे. पोचलो तेव्हा ऊन होते, तरी सगळ्या दारांना आतून कड्या. शब्बीरभाईंनी सांगितले, पाणी उतरले की खालच्या अंगाची दारे इथे दिवसाही लावून घेतात. का, ते कुणी सांगितले नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दारे लावतात ती धुळीसाठी, असे मी म्हणालो. “हितंबी धुळीसाठीच,” एक बाई म्हणाली आणि आत गेली.

हौसाबाई वाळलेल्या काटकीसारख्या, पण आवाज खणखणीत. मंदाने इंद्रायणीचा भात आणि डाळीची आमटी वाढली. दत्तूची जर्सी त्यांनी स्वतः ट्रंकेतून काढून दाखवली. निळा रंग विटलेला, पाठीवर १६. घडीवर घडी बसून कापड तिथे विरले होते.

मी वही काढायला लागलो. त्यांनी हात वर केला.

“आत्ता नगं. उद्या खाली गेल्याव वाचा. त्याच्याम्होरं.”

रात्री मला झोप बरी लागली. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मला अनेकांनी विचारले.

बुधवार, पाण्याखालचे मैदान

टेम्पो चार किलोमीटर उतरला आणि झाडे संपली. पुढे नुसता गाळ, वाळून राखाडी पडलेला, तडे गेलेला. मधून मधून घरांची जोती, उंबऱ्यांचे दगड, एका विहिरीचे तोंड. विहिरीत पाणी होते आणि ते भोवतालच्या जमिनीपेक्षा जास्त काळे दिसत होते. पलीकडे उरलेले धरणाचे पाणी, त्याला लाट नाही. पक्ष्यांचा आवाज नाही. आपण बोललो की आवाज समोरच्या डोंगरावर जायचा आणि जरा उशिराच परत यायचा. मी सेकंद मोजले, दोनदा. दोन्ही वेळा वेगळे आले, म्हणून लिहीत नाही.

मैदान मी पावलांनी मोजले, ब्याण्णव बाय अठ्ठावन्न. कडेची रेघ चुलीच्या राखेची. निलगिरीचे वासे रोवून गोल केलेले. पंच मीच व्हायचे ठरले होते; शिट्टी मी बरोबर नेली होती, ती सागरने काढून घेतली. सागर म्हणजे मंदाचा मुलगा, दत्तूचा भाचा, संघाचा कप्तान. त्याने मला एक पांढरा टॉवेल दिला.

“हितं शिट्टी वाजवत न्हाईत, काका. टावेल हालवा.”

“का?”

“वाजली की वरच्या वस्तीव कुनाच्या तरी दाराची कडी वाजती. माणसं घाबरत्यात.”

वेल्ह्याकडची मुले जीपने आली. ती मस्करीच्या मूडमध्ये होती. “काय रं, यंदाबी धाच का? आधार कार्डावर भरती काढा की!” सागरने लगेच ऐकवले, “अर्जेंटिनाला धा जणांनीच हरवलं व्हतं. तुमी तर नुसतं वेल्ह्याचं.” मला बरे वाटले. आकडा बरोबर होता.

हौसाबाईंनी रेघेबाहेर चार पाने मांडली. पुरणपोळी, आमरस, भात, कुरडई, पाण्याने भरलेले लहान मडके. कावळे कुठून आले कळले नाही, एकही झाड नसताना. तीन पाने त्यांनी उचलली. चौथ्याभोवती त्यांनी एक मोकळी जागा ठेवली, मोजून ठेवावी तशी, आणि उडून वाशांवर बसले.

“वाचा,” हौसाबाई म्हणाल्या.

दोन्ही संघ उभे होते. शब्बीरभाई माझ्याकडे बघत होते, दोन्ही हात छातीशी धरून. मी खोटे लिहिले नव्हते, पण या क्षणी मोठ्याने न वाचता वही मिटता आली असती. मी वाचले. सामना, गाव, तारीख, आपले गोल, त्यांचे गोल. उतरलेले खेळाडू. राखीव. मग त्याचे नाव. “क्रमांक सोळा. उतरला नाही.”

डोंगरावरून ‘नाही’ उशिरा परत आला.

“व्हय,” हौसाबाई म्हणाल्या. “म्हाईत हाय मला.”

“आक्का...” शब्बीरभाई पुढे झाले.

“त्यो आला तवा ही जर्सी म्याच धुतली. धा मिन्टं पळालेल्या पोराचं कापड मला कळत न्हाई व्हय रं? बगलेत मीठ न्हवतं. नुस्ता कोऱ्या कापडाचा वास.” त्यांनी जर्सी मांडीवर पसरली. “तुमी समदी माझ्यासाठी म्हणत व्हता. म्या तुमच्यासाठी. त्याच्या मागारी त्याला खोटा कोण पाडनार? पर मधल्यामधी त्यो उभाच हाय की. म्हणून म्हणलं, भायेरचं माणूस बोलवा.”

मंदा पदर तोंडाशी धरून बसली. वेल्ह्याच्या मुलांनी नकळत टोप्या काढल्या होत्या.

आता पुढचे मी बोललो. चूक दिसली की दाखवायची हा माझा स्वभाव आहे, घरी तो दुर्गुणात धरतात. मी म्हणालो, “तुमचं एक चुकतंय. तुम्ही त्याची जागा सुरुवातीपासून मोकळी ठेवता. पण तो पहिल्या अकरांतला नव्हता, राखीव होता. राखीव खेळाडू मोकळ्या जागेत येत नाही. आधी आतल्या एकाने बाहेर यावं लागतं, मग पंचाने बोलवावं लागतं. त्याशिवाय त्याने रेघ ओलांडली तर ती चूक त्याची धरतात.”

सागर पुढे आला. “म्हंजी पस्तीस वरसं...”

“पस्तीस वर्षं त्याला कुणी बोलवलंच नाही.”

हौसाबाईंनी मान हलवली, हळू, दोनदा. “मग बोलवा की,” त्या म्हणाल्या.

अकरावा म्हणून किसनला उभे केले. तो चपला काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आला. टेम्पोतली लोखंडी खुर्ची रेघेबाहेर ठेवली आणि तिच्या पाठीला निळी जर्सी घातली. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. मी टॉवेल हलवला.

सामना साधारणच होता. चेंडू तड्यांत अडकायचा, पोरे घसरायची, वेल्ह्याने बाविसाव्या मिनिटाला गोल केला. आरडाओरडा कमी होता. मला राहून राहून वाटायचे की माझ्या मागे, खुर्चीच्या बाजूला, कुणीतरी पाय मोकळे करतेय. गाळावर टाचा आपटल्याचा आवाज, थांबून थांबून. मी वळून पाहिले नाही. पंचाने चेंडूवर नजर ठेवायची असते.

पन्नासावे मिनिट भरले. मी टॉवेल वर धरला आणि खेळ थांबवला. कुणी बाहेर यायचे हे ठरलेले नव्हते, पण शब्बीरभाई आपणहून निघाले. ते आणि दत्तू जोडीने आघाडीला खेळायचे, हे मला नंतर सागरने सांगितले. मी वहीच्या कोऱ्या पानावर मोठा १६ काढून उंच धरला आणि त्याचे पूर्ण नाव घेतले. रेघेजवळ शब्बीरभाईंनी हात पुढे केला, बदली होताना खेळाडू टाळी देतात तसा. हात त्यांनी बराच वेळ तसाच धरला, समोरचा हळू चालत येत असल्यासारखा. मग खाली घेतला आणि खुर्चीजवळ जाऊन जमिनीवर बसले. मी टॉवेलने आत यायची खूण केली. नियमाप्रमाणे, त्याच्याकडे बघून. म्हणजे जिथे तो असता तिथे बघून.

चौपन्नाव्या मिनिटाला सागरने डावीकडे चेंडू दिला. तिथे आपले कुणी नव्हते. सवयीने दिला असेल म्हणावे, तर पस्तीस वर्षांची सवय तिथे न देण्याची होती. चेंडू जोरात गेला आणि थांबला. घसरत घसरत नाही, पायाखाली धरावा तसा. वेल्ह्याचा बचावपटू त्याच्याकडे धावत निघाला आणि चार पावलांवर उभा राहिला. का, ते त्याला नंतर सांगता आले नाही. सामना संपल्यावर मी त्या जागी जाऊन पाहिले. तड्यात अडकला असणार अशी माझी खात्री होती. आसपास तीन पावले तडा नव्हता.

गोल झाला नाही. एक-शून्यने हरलो.

मी शेवटचा टॉवेल हलवला तेव्हा मैदानातले सगळे एकाच बाजूला बघत होते. पानाजवळ एक कावळा होता. पोळी सोडून त्याने आधी मडक्यातले पाणी प्यायले, मान वर करून, पुन्हा प्यायले. दमलेल्यासारखे. मग भातात चोच घातली.

“शिवला,” हौसाबाई म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी खुर्चीवरची जर्सी काढून घडी घालायला घेतली, आणि मध्येच थांबल्या. तिची बगल त्यांनी नाकाशी नेली. नंतर शब्बीरभाईंच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे न देता परत त्यांच्या मांडीवर ठेवली. मीही मागितली नाही.

बुधवार, दुपार, वेल्हे

वस्तीवर परत येताना किसनने फळी लावली आणि मोजले. त्याचे ओठ हललेले मी पाहिले. जाताना होते तेच तेरा जण. परतीचे दोनशे साठ मी न विचारता दिले. जेवणे झाली. हौसाबाई आमरसाच्या दोन वाट्या जेवल्या, मंदा म्हणाली पुष्कळ वर्षांनी. शब्बीरभाईंनी निघताना विचारले, “आता वहीत काय लिवणार?”

“होतं तेच. उतरला नाही.”

“आन् आजचं?”

“आजचं वेगळ्या पानावर लिहिलंय. पन्नासाव्या मिनिटाला शब्बीर बाहेर, दत्तू आत.”

त्यांनी गळ्यातल्या टेपने डोळे पुसले आणि म्हणाले, पुढल्या वर्षी जर्सी अकरा शिवतो, माप सांगा कुणाचं घेऊ. किसन म्हणाला, माझं घ्या की, मी काय फुकट पळालो व्हय?

किसनने मला खिंडीतून वेल्ह्याला आणून सोडले. एसटीला पाऊण तास होता. स्टँडसमोर आम्ही चहा घेतला. त्याने अर्धा कप संपवला आणि बशीकडे बघत म्हणाला, “काका, एक सांगू? सकाळी खाली जाताना गाडी जड व्हती. येताना एका माणसानं हलकी. मला क्लचवर कळतं.”

मी आयुष्यभर भरलेली गाडी वजा रिकामी गाडी हेच करत आलो आहे. त्यामुळे त्याला खोटे ठरवायला माझ्याजवळ काट्याची पावती हवी होती, आणि ती नव्हती. मी पाकीट काढले. सकाळी कापलेले वीस रुपये किसनला दिले. एका माणसाचे, फक्त जायचे.